स्ट्रॉबेरीच्या लागणीचा मुहूर्त

खरिपाच्या पेरणीला मृग, रब्बीच्या पेरणीला हस्त, असे नक्षत्रांचे आधार मराठी शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या लाभलेले आहेत. पाऊस कधी येतो, वाफसा कधी होतो, थंडी कधी पडते यांवर पेरणीचा दिवस ठरतो. आणि यांतले काहीच त्याच्या हातचे नसल्यामुळे तो आभाळाकडे पाहून आपला मुहूर्त काढतो. शेतावर काचेचे किंवा प्लॅस्टिकचे छप्पर घातले, पाणी नळीतून दिले, ऊब बॉयलरमधून दिली, की ही पराधीनता संपली असे कोणासही वाटेल. काकडी-टोमॅटोच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही आहे. स्ट्रॉबेरीच्या बाबतीत मात्र नेमके उलट घडले. तिच्यावर छप्पर आल्यापासून लागणीचा मुहूर्त सैल होण्याऐवजी अधिकच कडक झाला. हॉलंडमधील काचघराचा मालक शरद ऋतूतल्या पिकासाठी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात रोपे लावतो. जपानी शेतकरी सप्टेंबरच्या मध्याला लावतो. दक्षिण स्पेनमधील प्लॅस्टिकच्या बोगद्यांत ऑक्टोबरच्या मध्याला लागण सुरू होते. या तारखा एखाद्या आठवड्याने मागेपुढे झाल्या तर नाताळच्या चढ्या बाजारात ज्याची टोपली पहिली जावयाची तो रिकाम्या हातांनी बसतो. हे असे का, याचे उत्तर सापडावयास माणसाला सुमारे अडीचशे वर्षे लागली.

स्ट्रॉबेरी हंगामाआधी पिकविण्याचा हव्यास प्रथम राजेलोकांचा. फ्रान्सचा चौदावा लुई याच्यासाठी व्हर्साय येथे जी शाही भाजीची बाग १६७८ ते १६८३ या काळात तयार झाली, तिचा अधिकारी ला कँतिनी हा मार्चच्या अखेरीस स्ट्रॉबेरी, एप्रिलमध्ये मटार आणि जूनमध्ये अंजीर राजाच्या ताटात वाढीत असे. त्याचे साधन म्हणजे घोड्याच्या ताज्या लिदीचे वाफे आणि त्यांवर झाकलेली काचेची झाकणे. लीद कुजताना जी ऊब निघते ती खालून, आणि फेब्रुवारी-मार्चचे कोवळे ऊन वरून, अशा दुहेरी उबेत रोपे वेळेआधी फुलत. परंतु ही स्ट्रॉबेरी आज बाजारात दिसते ती नव्हे. ती युरोपच्या रानातली, करवंदाएवढी, सुगंधी पण चिमुकली जात होती. व्यापारी पीक होण्याजोगे अंग तिच्यात नव्हते.

ते अंग आले दक्षिण अमेरिकेतून, आणि आणले एका लष्करी इंजिनिअरने. आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए याला १७१२ मध्ये राजाने चिली आणि पेरू येथील स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी करावयास धाडले. किल्ले पाहता पाहता त्याची नजर कॉन्सेप्सियॉनच्या परिसरातील स्ट्रॉबेरीच्या मळ्यांवर गेली. तेथील मूळ रहिवासी फार पूर्वीपासून ही मोठ्या फळाची जात लावीत आले होते; एकेक फळ अक्रोडाएवढे, क्वचित कोंबडीच्या अंड्याएवढे. १७१४ मध्ये तो मार्सेय बंदरात उतरला तेव्हा पाच रोपे जिवंत होती. सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासात पिण्याच्या पाण्याची टंचाई असताना रोपांना पाणी द्यावयाचे म्हणजे जहाजावरील मालाच्या अधिकाऱ्याची मर्जी सांभाळणे आले. म्हणून त्याला दोन रोपे द्यावी लागली. एक पॅरिसच्या राजोद्यानातील वनस्पतिशास्त्रज्ञ झ्यूस्यू यांना, एक ब्रेस्त येथे आपल्या वरिष्ठांना, आणि एक स्वतःसाठी, अशी उरलेल्यांची वाटणी झाली. किल्ल्यांचे नकाशे कधीच निरुपयोगी झाले. त्या पाच रोपांचा वंश मात्र आज जगभर नांदतो आहे.

पण ही रोपे फळेनात. फ्रेझिएने साहजिकच मोठी फळे धरणारी रोपे निवडली होती, आणि चिलीच्या या जातीत नर व मादी रोपे वेगवेगळी असल्याने आलेली पाचही रोपे मादी होती. पुढे ब्रिटनी प्रांतात, ब्रेस्तजवळच्या प्लुगास्तेल गावी, त्यांच्या शेजारी उत्तर अमेरिकेतून आधीच आलेली व्हर्जिनियाची स्ट्रॉबेरी लावली गेली, आणि मधमाश्यांनी उरलेले काम केले. या संकरातून जे मोठे, लाल, अननसाच्या वासाचे फळ निघाले ते कोठून आले हे बराच काळ कोणास उमगले नव्हते. ते कोडे व्हर्साय येथील आंत्वान द्यूशेन या तरुणाने सोडविले. १७६४ मध्ये त्याने चिलीच्या रोपावर मुद्दाम परागसिंचन करून धरलेली फळे पंधराव्या लुईपुढे ठेवली, आणि १७६६ मध्ये, वयाच्या विशीच्या आत, स्ट्रॉबेरीचा सृष्टिइतिहास लिहून ‘अननस स्ट्रॉबेरी’ ही चिली आणि व्हर्जिनिया या दोन जातींची संतती होय असे सांगितले. आजची व्यापारी स्ट्रॉबेरी ती हीच.

लागणीच्या तारखेशी या कुलकथेचा संबंध जवळचा आहे. आईचे घर चिलीच्या समुद्रकाठी, जेथे हिवाळा सौम्य. बापाचे घर उत्तर अमेरिकेच्या कुरणांत, जेथे हिवाळ्यात जमीन गोठते. दोघांची ऋतूंची जाण निरनिराळी, आणि संततीच्या प्रत्येक वाणात ती निरनिराळ्या प्रमाणात उतरली. म्हणून एका वाणाला जो मुहूर्त लाभतो तो दुसऱ्याला लाभत नाही, आणि ‘स्ट्रॉबेरी अमुक तारखेला लावावी’ असे सरसकट विधान कोणत्याही पुस्तकात सापडले तरी ते अर्धेच खरे मानावे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कोळसा स्वस्त झाला, काच स्वस्त झाली, आणि जमीनदारांच्या वाड्यांमागे तापवलेली काचघरे उभी राहिली. तेथील माळ्यांची रीत सांगण्यासारखी आहे. जूनच्या अखेरीस आईरोपांना जे रनर, म्हणजे जमिनीवर सरपटणारे धुमारे फुटतात, त्यांची टोके लहान कुंड्यांतल्या मातीत दाबून बसवीत. ऑगस्टमध्ये मुळे भरली, की ती रोपे सहा इंची कुंड्यांत हलवीत. सप्टेंबर-ऑक्टोबर ती उघड्यावर उन्हात ठेवीत. आणि मग, जेव्हा कोणालाही वाटावे की आता यांना आत न्यावे, नेमके तेव्हा ती बाहेरच, फक्त अतिवृष्टी आणि कडाक्याच्या हिमापुरती झाकून, थंडीत ठेवून देत. डिसेंबरपासून दर पंधरवड्याला काही डझन कुंड्या आत नेऊन काचेजवळच्या फळ्यांवर मांडीत, आधी मंद उबेत, मग हळूहळू वाढत्या. फुले आली की मऊ कुंचल्याने पराग फिरवीत. मार्चमध्ये पहिली फळे मिळत आणि पाळीपाळीने मेपर्यंत पुरवठा टिके. १८९२ चा ‘रॉयल सॉव्हरिन’ हा वाण या कामात विशेष नावाजला गेला.

नोव्हेंबरात घाई करून आत नेलेल्या कुंड्या खुजी पाने काढून बसतात, आणि थंडी खाल्लेल्या कुंड्या जोमाने उठतात, एवढे त्या माळ्यांना अनुभवाने माहीत होते. ‘रोपाला विसावा हवा’ अशा शब्दांत ते आपले शास्त्र सांगत. शब्द भाबडा असला तरी कृती अचूक होती. त्यांच्या हातांना जे कळले होते ते प्रयोगशाळेला कळावयास आणखी दोन पिढ्या गेल्या.

प्रयोगशाळेचा मार्ग गेला तंबाखूच्या शेतातून. अमेरिकेच्या कृषिखात्यातील गार्नर आणि ॲलर्ड हे दोघे ‘मेरीलँड मॅमथ’ नावाच्या तंबाखूवर काम करीत होते. हे झाड उन्हाळ्यात पुरुषाहून उंच वाढे पण फुलत नसे. तेच हिवाळ्यात काचघरात मात्र फुलून येई. दुसरीकडे ‘बिलॉक्सी’ सोयाबीन कितीही वेगवेगळ्या तारखांना पेरले तरी सारे जवळजवळ एकाच सुमारास फुलावर येई. ऊब, ओल, खत सर्व तपासून झाले. अखेर १९१८ च्या जुलैत व्हर्जिनियातील आर्लिंग्टनच्या प्रयोगक्षेत्रावर त्यांनी एक साधी अंधारी खोपटी उभारली, आणि दुपारनंतर कुंड्या तिच्यात ढकलून उन्हाळ्याचा लांब दिवस कृत्रिमरीत्या आखूड केला. झाडे फुलली. १९२० मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला: वनस्पती दिवसाची लांबी मोजते आणि तीवरून ऋतू ओळखते. ज्या जमिनीवर ती खोपटी होती त्या प्रयोगक्षेत्राच्या जागेवर पुढे अमेरिकेच्या युद्धखात्याचे पेंटॅगॉन उभे राहिले, हा इतिहासाचा एक चमत्कारिक योग म्हणावयाचा.

त्याच खात्यातील जॉर्ज डॅरो आणि जॉर्ज वाल्डो यांनी ही कसोटी स्ट्रॉबेरीला लावली आणि १९३४ मध्ये निरनिराळ्या वाणांचे व जातींचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढील संशोधनाने त्यात भर पडत जाऊन जे चित्र स्पष्ट झाले ते असे. बहुसंख्य व्यापारी वाणांत दिवस सुमारे चौदा तासांहून आखूड झाला, किंवा हवा सुमारे पंधरा अंश सेल्सिअसच्या खाली उतरली, की रोपाच्या बुंध्याच्या टोकाशी फुलकळी घडू लागते. हे दोन-तीन आठवडे चालणारे काम डोळ्यांना दिसत नाही. कळी मोहरीच्या दाण्याहूनही लहान असते. दिवस लांब आणि हवा गरम असेल तर तेच रोप कळीऐवजी रनर सोडते. हवा पंचवीस अंशांच्या वर राहिली तर दिवस आखूड असूनही कळी धरत नाही. ही झाली जमेची पहिली बाजू. दुसरी बाजू थंडीची. दिवस आणखी आखूड होत गेले की रोप झोपी जाते, आणि ठराविक तास शीत हवा खाल्ल्याखेरीज ते पुरते जागे होत नाही. थंडी कमी पडली तर पाने खुजी, देठ आखूड, फळांचे घोस पानांखाली दडलेले. थंडी जास्त झाली तर पाने आणि रनर यांचा माजोरा वाढ. किती तास थंडी पुरेशी हे वाणावर अवलंबून: काहींना काही शे तास पुरतात, तर काहींची गरज हजाराच्या घरात जाते.

इंग्रज माळ्यांच्या त्या कुंड्या आता आठवाव्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उघड्या उन्हात त्यांची कळी धरत होती, आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या गारठ्यात त्यांची झोप पुरी होत होती. ‘विसावा’ या एका शब्दात त्यांनी दोन निरनिराळ्या क्रिया बांधून ठेवल्या होत्या. व्यापारी शेतीला त्या सोडवून घेणे भाग होते, कारण दोन क्रिया अलग समजल्या की त्या अलग ठिकाणी, अलग वेळी उरकताही येतात. दुसऱ्या महायुद्धानंतरची सारी संरक्षित स्ट्रॉबेरी या एका युक्तीवर उभी आहे.

तिचे पहिले रूप म्हणजे शीतगृह. डिसेंबर-जानेवारीत झोपलेली, कळी पोटात घेतलेली रोपे उपटून, पाने छाटून, प्लॅस्टिकच्या अस्तराच्या पेट्यांत भरून शून्याखाली दीड ते दोन अंशांवर ठेवावयाची. या तापमानात रोप गोठून मरत नाही आणि वाढतही नाही. काळ जणू त्याच्यापुरता थांबतो. मग मेमध्ये लावा, जूनमध्ये लावा, ऑगस्टमध्ये लावा: पेटीतून काढून मातीत घातल्यापासून उन्हाळ्याच्या उबेत सुमारे साठ दिवसांत फळ तोडणीला येते. ‘साठ दिवसांचे पीक’ हा शब्द युरोपातील शेतकऱ्यांत यावरूनच रूढ झाला. हॉलंड-बेल्जियममध्ये यावर आणखी एक पायरी चढली. ऑगस्टमध्ये कोवळी रोपे ऐसपैस अंतरावर लावून, चांगले खत देऊन, त्यांच्या बुंध्यांत जास्तीत जास्त कळ्या भरून घ्यावयाच्या आणि हिवाळ्यात ती उपटून साठवावयाची, अशी ‘प्रतीक्षेच्या वाफ्यां’ची पद्धत रुळली. त्यापुढे रनरची टोके प्लॅस्टिकच्या खाचांच्या तबकांत वाढविण्याची पद्धत आली. शेतकरी आता रोप विकत घेत नाही, रोपात साठविलेली कळी विकत घेतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मग मुहूर्ताची कडकी कोठून आली? कळी तयार आहे, झोप पुरी झाली आहे, तर कधीही लावावे. अडचण पुढच्या टोकाला आहे. हॉलंडात जूनमधला दिवस पावणेसतरा तासांच्या आसपास, तर डिसेंबरातला जेमतेम पावणेआठ तासांचा. ऑगस्टच्या प्रारंभी लावलेले रोप सप्टेंबरच्या उजेडात फुलते आणि ऑक्टोबरपासून तोडणी देते. तेच ऑगस्टच्या अखेरीस लावले तर फूल ऑक्टोबरच्या मंद प्रकाशात उमलते. पराग दुबळा, फळ वेडेवाकडे, पिकणे रेंगाळणारे. शिवाय याच रोपांकडून वसंतात दुसरे पीक घ्यावयाचे असते, आणि त्या पिकाच्या कळ्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, पहिले फळ अंगावर असतानाच, धराव्या लागतात. लागण फार लवकर केली तर ऑगस्टच्या उष्म्यात पहिले पीक धडपडत येऊन बाजारात उघड्या शेतातील मालाशी गाठ पडते. फार उशिरा केली तर दोन्ही पिके बुडतात. जानेवारीत थंडीचे तास कमी भरले आहेत असे दिसले, तर शेतकरी रात्री दर अर्ध्या तासाला काही मिनिटे दिवे लावून रोपाला दिवस लांबल्याचा भास करून देतो. १९८१ मध्ये वाखेनिंगेन येथून बाहेर पडलेला ‘एल्सांटा’ हा वाण पुढे दोन दशके उत्तर युरोपच्या काचघरांचा राजा झाला, आणि ही सारी वेळापत्रके प्रथम त्याच्यावरच घासूनपुसून नेटकी झाली.

कॅलिफोर्नियाने दुसरी वाट धरली. रोप साठविण्याऐवजी त्याला डोंगरावर पाठवावयाचे. राज्याच्या उत्तर टोकाला, हजार मीटरांहून उंच पठारांवर, रोपवाटिका आहेत. तेथे सप्टेंबरातच रात्री थंड होतात; ऑक्टोबरात उपटलेले रोप थंडीचे काही तास अंगावर घेऊनच समुद्रकाठच्या वॉटसनव्हिल किंवा ऑक्सनार्ड येथील उबदार शेतात उतरते. रॉइस ब्रिंगहर्स्ट आणि व्हिक्टर व्होथ या विद्यापीठीय जोडीने १९५० नंतरच्या दशकांत हा थंडीचा हिशेब वाणागणिक बसविला. स्पेननेही तोच धडा गिरविला: सेगोव्हिया आणि आव्हिला या उंच प्रदेशांतून ऑक्टोबरात ताजी रोपे खाली वेल्व्हा प्रांतात येतात, बोगद्यांखाली लागतात, आणि जानेवारीपासून उत्तर युरोपच्या बाजारात फळ पोहोचते. येथे रोप डोंगरावरून चार दिवस लवकर उपटले तर ते थंडीत उणे पडते. चार दिवस उशिरा उपटले तर बाजाराची पहिली पाळी हुकते. या ओढाताणीत रोपवाटिकेचा मालक आणि मळ्याचा मालक यांच्यात जी घासाघीस दरवर्षी चालते, तिच्यात हवामानखात्याच्या आकड्यांना कोर्टातल्या साक्षीचे मोल येते.

तथापि मुहूर्ताची साधना सर्वांत निष्ठेने कोणी केली असेल तर जपान्यांनी. शिझुओका प्रांतातील कुनोझान डोंगराच्या दक्षिण उतारावर, सुरुगा उपसागराच्या समोर, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापासून दगडी बांधांच्या फटींत स्ट्रॉबेरी लावीत आले आहेत. दिवसा तापलेला दगड रात्री ऊब सोडतो, आणि फळ भर हिवाळ्यात पिकते. काचघर नको, कोळसाही नको. पुढे प्लॅस्टिकची घरे आली आणि नाताळच्या केकवर ताजी स्ट्रॉबेरी ही जपानी शहरांची हौस झाली. डिसेंबरात भाव चढतो, म्हणून नोव्हेंबरात फळ हवे. म्हणजे कळी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर यांत धरली पाहिजे. आणि जपानचा ऑगस्ट तर घामाघूम करणारा. यावर त्यांनी एकामागून एक उपाय योजले. तोचिगी प्रांतातील शेतकरी भर उन्हाळ्यात रोपे निक्को जवळच्या थंड पठारावर नेऊ लागले. ती दगदग नको म्हणून पुढे कुंडीतल्या रोपाचे नत्रखत तोडून त्याला उपाशी ठेवण्याची युक्ती निघाली. भुकेले रोप लवकर कळी धरते. त्यानंतर चाकांच्या मांडण्यांवर ठेवलेली रोपे दुपार कलताच थंड कोठीत ढकलावयाची आणि सकाळी बाहेर काढावयाची, अशी ‘रात्रशीत’ पद्धत आली. गार्नर-ॲलर्डची अंधारी खोपटीच ती, फक्त यंत्राने गार केलेली.

आणि एवढे करूनही जपानी शेतकरी तारखेवर विसंबत नाही. लागणीच्या आधी दोन-चार रोपे तो कृषिसल्ला केंद्रात नेतो. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पान सोलून बुंध्याचे टोक उघडे करतात आणि कळी घडली आहे किंवा नाही ते पाहतात. घडली असेल तर लागण. नसेल तर आणखी काही दिवस थांबावयाचे. कारण कळी धरण्याआधीच ते उपाशी रोप खतावलेल्या जमिनीत गेले, तर भरपेट जेवून ते पाने वाढविते आणि फुलणे लांबणीवर टाकते, आणि डिसेंबरची तोड जाते. शेजाऱ्याने लावले म्हणून आपणही लावावे हा मोह तेथेही असतोच. सूक्ष्मदर्शकाने त्याला पुष्कळसा आळा घातला. हॉलंडातील रोपवाटिकाही अशीच बुंधे फोडून कळ्यांची गणती करतात आणि तिच्यावरून कोणते रोप कोणत्या लागणीला द्यावे ते ठरवितात. स्ट्रॉबेरीचे पंचांग भिंतीवर टांगलेले नसून रोपाच्या पोटात असते, हे इतक्या स्वच्छपणे इतर कोणी कृतीत आणलेले नाही.

दिवसाची लांबी न मोजणारेच रोप मिळाले तर ही सारी यातायात वाचेल, असा विचार ब्रिंगहर्स्ट यांनी केला होता. १९५५ मध्ये यूटा राज्यातील वासॅच पर्वतात त्यांनी गोळा केलेल्या एका रानटी व्हर्जिनिया स्ट्रॉबेरीत हा गुण सापडला. पंचवीसएक वर्षांच्या संकरांनंतर, १९८० च्या सुमारास, तिच्यापासून तयार झालेले पहिले बारमाही वाण बाहेर पडले, आणि आज कॅलिफोर्नियात उन्हाळाभर फळ मिळते ते त्यांच्या वंशजांमुळे. परंतु हेही रोप उष्म्यापुढे हात टेकते. दिवस मोजणे सुटले, तापमान मोजणे सुटले नाही. अलीकडे शरद ऋतू उबदार जाऊ लागल्यापासून उंचावरच्या रोपवाटिकांतही थंडीचे तास उशिरा भरतात, कळी उशिरा धरते, आणि जुन्या डायऱ्यांतल्या तारखा फसव्या ठरू लागल्या आहेत. २०२२ मध्ये युरोपात इंधनवायूचे भाव भडकले तेव्हा कित्येकांनी हिवाळ्यात काचघरे रिकामी ठेवणे किंवा लागण पुढे ढकलणे पत्करले. कळी तयार होती, पण तिला फुलविण्याची ऊब परवडेना.

श्रोत्यांपैकी ज्यांनी महाबळेश्वर-पाचगणीची सहल केली असेल त्यांना एक शंका येईल, की आपल्याकडे हे सूक्ष्मदर्शक कोठे दिसत नाहीत, तरी भारतातील बहुतांश स्ट्रॉबेरी याच डोंगरावर पिकते. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. याचे कारण अक्षांशांत आहे. महाबळेश्वरी वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. म्हणजे चौदा तासांची ती मर्यादा येथे कधी ओलांडलीच जात नाही. दिवसाच्या हिशेबाने रोपाला बारमाही परवानगी आहे. येथे अडविणारे दोघे: मार्च-एप्रिलचा उष्मा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस, जो या माथ्यावर ५,००० मिलिमीटरांहून अधिक कोसळतो. त्या पावसात गादीवाफे वाहून जातील. म्हणून इथल्या शेतकऱ्याने आपली सोय वेगळ्या तऱ्हेने केली. परदेशातून, मुख्यतः कॅलिफोर्नियातून, आणलेली आईरोपे घाटाखाली वाईच्या परिसरात, जेथे पाऊस बराच कमी, तेथल्या रोपवाटिकांत वाढवितात. खालच्या उबेत रनर भराभर सुटतात आणि पिशव्यांत रुजतात. पावसाचा जोर ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात ही रोपे घाट चढून वरच्या तांबड्या मातीत, मल्चिंग पेपर आणि ठिबकच्या नळ्यांवर लागतात. माथ्यावरच्या थंड रात्रींत कळी धरते आणि नोव्हेंबरअखेरीपासून तोडणी सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते. कॅलिफोर्निया-स्पेनचे रोप डोंगरावरून खाली उतरते, आपले खालून वर चढते. हेतू मात्र एकच, की वाढ एका ठिकाणी व्हावी आणि कळी दुसऱ्या ठिकाणी धरावी.

वाणांची निवडही या हिशेबाने झालेली आहे. कॅलिफोर्नियाचे ‘चँडलर’ आणि ‘कामारोसा’, फ्लोरिडाचे ‘स्वीट चार्ली’ आणि ‘विंटर डॉन’ हे इथे रुळले, कारण त्यांची थंडीची भूक अल्प आहे. एल्सांटासारखा उत्तरेचा वाण इथे आणला तर महाबळेश्वरचा हिवाळा त्याची झोप पुरी करू शकणार नाही. नाशिक जिल्ह्यात सुरगाण्याच्या बाजूला गेल्या काही वर्षांत जी लागण वाढली, तिच्या मागेही हेच अल्प थंडीचे वाण आहेत.

परतीचा पाऊस लांबला की हा सारा क्रम विस्कटतो. सप्टेंबरात लावावयाची रोपे वाईच्या वाटिकेत पिशवीतच जून होतात, मुळे गुंतून वळतात. घाई करून वर लावली तर चिखलात बुंधा कुजतो. थांबले तर पहिली तोड डिसेंबराच्या मध्यावर जाते, आणि नाताळच्या सुट्टीत पाहुण्यांनी भरलेल्या बाजारपेठेतला चढा भाव निसटतो. काही शेतकरी आता वाफ्यांवर कमानी रोवून प्लॅस्टिकचे बुटके बोगदे घालतात, ते थंडीसाठी नव्हे, तर ऑक्टोबरातल्या अशा सरींसाठी. छप्पर आले, तशी लागणीची तारीख पंधरा दिवस अलीकडे आणण्याची भाषाही सुरू झाली आहे. पण तितक्या लवकर माथ्यावरच्या रात्री कळी धरण्याइतक्या गार झालेल्या असतात की नाही, ते कमानीखालचे प्लॅस्टिक सांगू शकत नाही. त्यासाठी बुंध्याचे टोक सोलूनच पाहावे लागेल.